बोट चुकूं नये म्हणून

आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्र ओलांडून आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तींत पान मिळत नसे. आज त्याच घरांतून कोणाची षष्ट्यब्दिपूर्ति, कोणाच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा करावयास आजी-आजोबा, मुलें, सुना, नातवंडें अशी सारी मंडळी क्रूझवर जातात. रात्रीं चालावें आणि सकाळीं नव्या बंदरास लागावें अशी ही तरंगती धर्मशाळाच म्हणावयाची. फरक इतकाच कीं, येथें पैसे भरपूर पडतात. समुद्राची भीति आतां कोणास उरलेली नाहीं. परंतु अनुभवानें असें सांगावेंसें वाटतें कीं, या प्रवासांतील खरा धोक्याचा टप्पा पाण्यावर नाहीं. विमानतळ आणि बंदराचा धक्का यांच्या मधल्या कोरड्या जमिनीवर तो आहे. विमान उशिरा येऊं शकतें. बोट मात्र वेळेवर सुटते.

२०२३ सालीं माझ्या धाकट्या बंधूस साठ वर्षें पूर्ण झालीं. त्याची मुलगी लंडनला असते. तिनें रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरांतून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर सर्वांच्या जागा राखून ठेविल्या. बोट सायंकाळीं ५ वाजतां सुटणार होती, आणि त्याच रात्रीं जेवणाच्या वेळीं वडिलांचें औक्षण करावें असा तिचा बेत होता. "काका, तुम्ही सगळे आदल्या दिवशींच रोमला या," असें तिनें मला फोनवर दोनदां विनविलें. मुंबईहून जाणारे आम्ही चौघे होतों: बंधु, भावजय, मी आणि माझें कुटुंब. घरांतला वडील म्हणून तिकिटांचा निर्णय माझ्याकडे आला. मीं हिशेब मांडला. आखातांतून जाणारें विमान बोटीच्या दिवशींच दुपारीं १२-४० ला रोमला उतरतें. बोट ५ वाजतां सुटते. मध्यें चार तासांहून अधिक अवकाश आहे. मग दोन खोल्यांचें एका रात्रीचें भाडें कशास भरावें? बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. चूक शहाणपणांत होती.

मुंबईहून विमान दोन तास उशिरा निघालें. आखातांत उतरलों तेव्हां रोमचें विमान निघून गेलें होतें. पुढें जागा मिळाली ती रात्रीं ८ वाजतां रोमला पोहोंचविणाऱ्या विमानांत. बोटीचे दोर सुटले त्या क्षणीं आम्ही आकाशांत होतों. बंधु मला एक शब्दहि बोलला नाहीं. तो खिडकींतून बाहेर पाहत राहिला. त्यानें रागें भरलें असतें तर मला अधिक बरें वाटलें असतें. तिकडे, बोटीवर उघडी ज्योत लावूं देत नाहींत म्हणून पुतणीनें मुद्दाम विजेचें निरांजन आणिलें होतें. तें तिनें तसेंच पेटींत ठेवून दिलें.

त्या रात्रीं रोममध्यें दोन खोल्या घ्याव्या लागल्याच. दुसऱ्या दिवशीं बोट नेपल्सला लागणार होती. पुतणीनें बोटीवरील अधिकाऱ्यांस भेटून आम्हांस तेथें चढूं देण्याची परवानगी मिळविली. रोमहून नेपल्स जलद आगगाडीनें सुमारें सवा तासावर आहे. दुपारपूर्वीं आम्ही बोटीवर पोहोंचलों. औक्षण झालें, पण तें एका दिवसानें शिळें झालें होतें. वांचविलेल्या भाड्याच्या दुपटीहून अधिक खर्च झाला तो निराळाच.

पंचतंत्रांतील तीन माशांची गोष्ट मीं शाळेंत वर्षानुवर्षें शिकविली. संकट येण्यापूर्वींच तळें सोडून जाणारा अनागतविधाता, संकट आल्यावर युक्तीनें निसटणारा प्रत्युत्पन्नमति, आणि जें व्हावयाचें तें होईल म्हणून स्वस्थ बसणारा यद्भविष्य. आमच्या घरांत पहिला मासा माझी पुतणी होती, आणि नेपल्सची युक्ति काढून दुसराहि तीच झाली. तिसरा कोण हें वाचकांस सांगावयास नको. तेव्हांपासून या विषयाचा मीं थोडा अभ्यास केला. तो इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावा म्हणून येथें देत आहें.

प्रथम बोट कां थांबत नाहीं तें पाहूं. धक्क्यावरची जागा तिला ठराविक तासांपुरतीच मिळालेली असते. मोठें जहाज बंदराबाहेर काढण्यास स्थानिक पाण्याची माहिती असलेला वाटाड्या लागतो. तो नेमल्या वेळीं येतो. दुसऱ्या दिवशींच्या बंदरांतील जागाहि अशीच तासांवर बांधलेली असते. उशीर भरून काढावयाचा तर वेग वाढविला पाहिजे, आणि जहाजास लागणारी शक्ति साधारणपणें वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेग १० टक्क्यांनीं वाढवावयाचा झाल्यास शक्ति सुमारें ३३ टक्के अधिक खर्चावी लागते. हजारों उतारूंची सोय आणि एवढें तेल चौघांसाठीं कोण पणास लावील?

दुसरें असें कीं, छापलेली ५ ची वेळ ही दोर सोडण्याची असते, चढण्याची नव्हे. बहुतेक कंपन्या निघण्यापूर्वीं एक ते दीड तास चेक-इन बंद करितात. अमेरिकेच्या बंदरांत तर उतारूंची यादी जहाज सुटण्यापूर्वीं किमान ६० मिनिटें सरकारकडे गेलेली असावी लागते. यादी गेल्यावर धांवत आलेल्या मनुष्यास समोर उभी असलेली बोट नुसती पाहतां येते.

म्हणून हिशेब विमानापासून पुढें न करितां बोटीपासून मागें करावा. आमचेंच उदाहरण घेऊं. बोट ५ ला सुटते, तर चेक-इन ३-३० ला बंद होतें असें धरावें. रांगा व सामान यांसाठीं २ वाजतांच बंदरावर असलें पाहिजे. रोमचा विमानतळ फ्युमिचिनो येथें आहे. तेथून बंदर सुमारें ७० किलोमीटर. मोटारीनें वाट मोकळी असल्यास तासाभराची. आगगाडीनें त्रास्तेव्हेरे स्टेशनावर गाडी बदलावी लागते, आणि पुढें चिव्हितावेक्किया स्टेशनापासून बोटीपर्यंत पुन्हां बस. दोन तास धरावे. म्हणजे विमानतळ १२ ला सोडावा. पासपोर्ट-तपासणी आणि सामान यांस दीड तास. म्हणजे विमान १०-३० ला उतरलें पाहिजे. यांत उशिरासाठीं एक मिनिटहि धरलेलें नाहीं. तो तीन तासांचा धरला तर उतरण्याची वेळ सकाळीं ७-३० येते. मीं काढलेलें विमान १२-४० ला उतरणारें होतें! मुंबईहून रात्रभर जागून, विमान बदलून पहाटे रोम गांठावयाचें, तर आदल्या दिवशीं दुपारीं उतरून रात्रीं सुखानें झोंप घेणें काय वाईट?

येथें तारखेचा एक सापळा आहे; त्यांत शिकलेलीं माणसेंहि सांपडतात. आपल्या पंचांगांत वार सूर्योदयाला बदलतो, विमानाच्या तिकिटावर तो मध्यरात्रीं बदलतो. आखाताकडे व युरोपकडे जाणारीं पुष्कळ विमानें मुंबईहून मध्यरात्रीनंतर उडतात. १२ तारखेचें पहाटे २-३० चें विमान म्हणजे ११ तारखेच्या रात्रीं जेवून घर सोडावयाचें. "बाराच्या रात्रीं निघूं" असें म्हणणारें कुटुंब पुरता एक दिवस चुकतें. तसेंच इटलीचें घड्याळ उन्हाळ्यांत आपल्या साडेतीन तास व हिवाळ्यांत साडेचार तास मागें असतें. हा बदल मार्च व ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारीं होतो. बोटीची व विमानाची वेळ ज्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, हें ध्यानांत ठेवावें.

तिकिटें काढतांना साऱ्या टप्प्यांचें विमान शक्यतों एकाच तिकिटावर घ्यावें. मधलें विमान चुकलें तर पुढें पोहोंचविण्याची जबाबदारी मग कंपनीवर राहते. दोन निरनिराळीं स्वस्त तिकिटें घेतलीं तर दुसरी कंपनी म्हणते, "तुम्ही आलांच नाहीं," आणि नवें तिकीट आपल्या पदरीं येतें. आम्हांस पुढच्या विमानांत जागा फुकट मिळाली ती एकच तिकीट होतें म्हणून. माझ्या हिशेबांत तेवढीच एक गोष्ट शहाणपणाची होती. औषधें, पासपोर्ट, चष्मा व एका दिवसाचे कपडे हातपिशवींत असावे. मागें राहिलेली पेटी बोटीला गांठ घालीलच असें नाहीं.

"बोट चुकली तर पुढच्या बंदरावर गांठूं" असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें साधलें, कारण नेपल्स इटलींतच होतें. पुढचें बंदर तुर्कस्थानांत असतें तर शेंगेन व्हिसा तेथें चालला नसता. अमेरिकेंत तर १८८६ सालचा एक कायदा आहे. परकीय निशाणाच्या जहाजानें अमेरिकेच्या एका बंदरांतून उतारू घेऊन, मध्यें दूरच्या परदेशी बंदरास न लागतां, दुसऱ्या अमेरिकन बंदरांत सोडूं नये, असा त्याचा आशय. आणि बहुतेक मोठीं क्रूझ-जहाजें परकीय निशाणाचींच असतात. सिॲटलहून अलास्का दाखवून सिॲटललाच परतणारी बोट कोणाची चुकली, आणि त्यानें ती जूनोला गांठावयाची म्हटली, तर त्याचा प्रवास जूनो ते सिॲटल असा ठरतो आणि कायदा आड येतो. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें.

नुकसानभरपाईवरहि फार विसंबूं नये. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानें मोठ्या उशिराबद्दल २५० ते ६०० युरो मिळूं शकतात. परंतु बाहेरून युरोपांत येणाऱ्या विमानास तो नियम कंपनी युरोपची असेल तरच लागतो. आमची नव्हती. शिवाय ती रक्कम उशिराची असते. चुकलेल्या औक्षणाची नसते. प्रवासाचा विमा उतरविणें योग्यच. मात्र प्रस्थान चुकल्याचें कलम त्यांत आहे कीं नाहीं आणि किती तासांच्या उशिरानंतर तें लागू होतें, हें सही करण्यापूर्वीं वाचावें. कांहीं क्रूझ-कंपन्या स्वतः विमानाचीं तिकिटें देतात व अडचण आल्यास पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची हमी घेतात. तिच्याहि अटी पाहाव्या.

कोणी म्हणेल, इतकें भ्यावयाचें कारण काय? २६ जुलै २००५ च्या पावसानें मुंबईचा विमानतळ बंद पाडला. एप्रिल २०१० मध्यें आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेनें युरोपचें बरेंचसें आकाश सुमारें सहा दिवस बंद राहिलें. २१ मार्च २०२५ रोजीं एका वीजउपकेंद्रास आग लागून लंडनचा हीथ्रो विमानतळ जवळ जवळ दिवसभर मिटला. असे प्रसंग विरळा. पण दोन-तीन तासांचा उशीर नित्याचा आहे. इटलींत संपहि वरचेवर होतात. तेथें संपाच्या दिवशींहि सकाळीं ७ ते १० आणि सायंकाळीं ६ ते ९ या वेळांतील विमानें कायद्यानें राखलेलीं असतात. म्हणून माझा ठोकताळा असा: सिंगापूरसारख्या जवळच्या ठिकाणीं किंवा युरोपांत जावयाचें तर एक संपूर्ण दिवस आधीं, अमेरिकेस जावयाचें, अथवा बरोबर वृद्ध व लहान मुलें असलीं, तर दोन दिवस आधीं. परतीच्या वेळींहि घाई नको. बोट पहाटे लागली तरी सर्वांस उतरावयास ९-१० वाजतात; दुपारनंतरचेंच विमान घ्यावें.

इतकें करूनहि उशीर झालाच, तर विमानतळावर कपाळास हात लावून बसूं नये. क्रूझ-कंपनीचा तातडीचा दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहून खिशांत ठेवावा, आणि पहिलें विमान लांबतें आहे असें दिसतांच कळवावें. वेळेवर कळविलेल्या उतारूसाठीं पुढच्या बंदराची व्यवस्था होऊं शकते. न कळवितां राहिलेल्याचें नांव गैरहजर म्हणून लागतें.

आणि आधींचा तो दिवस वायां जातो असें तरी कोठें आहे? चिव्हितावेक्किया हें बंदर दुसऱ्या शतकाच्या आरंभीं सम्राट ट्राजान यानें बांधविलें. त्या धक्क्यावर सायंकाळीं फिरावें, दुसऱ्या दिवशीं सकाळीं पोटभर न्याहारी करावी आणि नातवाचें बोट धरून निवांतपणें बोटीवर चढावें. एका रात्रीचें भाडें हा मनाच्या स्वस्थतेचा विमाच होय.

यंदा भावजयीच्या साठीचा बेत घरांत चालला आहे. परवां रात्रीं जेवणें झाल्यावर तिकिटांचा विषय निघाला, आणि क्षणभर कोणीच माझ्याकडे पाहीना. शेवटीं मींच सांगितलें, "तिकिटें पुतणी ठरवील, आदल्या रात्रीच्या सर्व खोल्यांचें भाडें माझ्याकडे लागलें." बंधु हंसला. "दादा," तो म्हणाला, "मग दोन रात्री आधींच जाऊं."