वडगांवचा तह

१७७५ सालीं अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. त्याच वर्षीं मराठ्यांशींहि त्यांचें युद्ध जुंपलें. साष्टी-वसईच्या लोभानें मुंबईकर इंग्रजांनीं सुरतेस तह करून राघोबादादांचा पक्ष घेतला, हें त्याचें मूळ. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज बोरघाट चढून मावळांत आली. मराठ्यांनीं मोठी लढाई टाळून तिची रसद तोडली, तळेगांव जाळून ओसाड केलें. कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे लोकांचा ‘इष्टुर फांकडा’, पडला. माघारी वळलेल्या फौजेस महादजी शिंद्यांनीं वडगांवीं कोंडलें. इंग्रजांनीं साष्टी परत देण्याचें कबूल केलें. परंतु सुटका होतांच कंपनीनें तह नाकारला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें राघोबांचा पक्ष त्यांनीं सोडला; साष्टी मात्र सोडली नाहीं.