स्टीव्हन्सला मिळालेली दहा वर्षं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासाला 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हापासून बोलबाला आहे तो रूफ प्लाझा, दुकानं आणि उपाहारगृहांचा. जुन्या वास्तूला धक्का लागणार नाही, हे आश्वासन तोंडी लावायला. तिचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचं नाव यात निघालंच, तर ‘प्रतिभावंत’ म्हणून. आणि खरा मुद्दा तिथेच निसटतो. 1867 मध्ये तो सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. सुरुवातीच्या वर्षांत रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे आजचं राज्य पोलीस मुख्यालय, सोडलं तर थांबून पाहावं असं फारसं काही नाही.

थांबायचं ते 1878 ते 1888 या दशकापाशी. स्थानकाचं काम मिळाल्यावर हा सरकारी अभियंता दहा महिने युरोपातली स्थानकं पाहत फिरला. आजच्या लेखापरीक्षकाला हा खर्च उधळपट्टीच वाटेल! लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची ही नक्कल, असा आक्षेप जुना आहे. साम्य नाकारण्यात अर्थ नाही. पण सेंट पँक्रसला मधोमध घुमट नाही, आणि दर्शनी भागातले कमानदार व्हरांडे लंडनच्या उन्हासाठी लागले नसते. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी दगडात मोर-माकडं कोरली. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य सहायक अभियंता होते. मग श्रेय एकट्या स्टीव्हन्सला का? द्यायचं कारण नाहीच. पण कागदावरच्या पहिल्या रेघेपासून घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्यापर्यंत एकाच माणसाची नजर कामावर राहिली, एवढं तरी मान्य करावं लागतं. आज आराखडा एकाचा, ठेका दुसऱ्याचा, देखरेख तिसऱ्याची. इमारत बिघडली तर जाब कोणाला विचारायचा?

पुढे त्यानेच आखलेली महापालिकेची इमारत 1893 मध्ये पुरी झाली, चर्चगेटचं रेल्वे मुख्यालय 1899 मध्ये. 1900 मध्ये तो गेला. हे सगळं कापूस वाहून नेणाऱ्या साम्राज्याच्या पैशावर झालं, असं कोणी म्हणेल. बरोबरच आहे, आणि पैसा वसूल झाला तो इथल्याच रयतेकडून. म्हणून तर प्रश्न अधिक बोचतो: परक्या सत्तेने एका स्थानकासाठी जो वेळ दिला, तो आपल्याच सरकारला आपल्याच शहरासाठी परवडू नये?