बंद दाराआडची श्रद्धा

धर्माविषयी मनातले उघड बोलावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत, सहभोजनही करीत. परंतु सारे बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि बहिष्काराच्या भयाने सभा विस्कटली. १८६७ मधील प्रार्थना समाजाने मात्र उपासना जाहीरपणे आरंभिली. रानडे-भांडारकरांनी तेथे प्रवचने केली. टीका झाली, पण समाज टिकला. गुप्ततेने व्यक्तीची प्रतिष्ठा वाचते. विचाराला मात्र ना विरोधक लाभतो, ना वारस. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले. ते उंबरठ्याआतच वापरावयाचे असेल, तर परमहंस सभेच्या पुढे आपण कितीसे आलो?