तंबोरा आणि विद्युत्-तंबोरा : मूळ ध्वनी व प्रतिकृती यांतील निवड

एखाद्या वाद्याचा ध्वनी त्या वाद्यावाचून निर्माण करता येऊ लागला, म्हणजे मूळ वाद्याचे प्रयोजन काय उरते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील अनेक संगीतपरंपरांपुढे उभा राहिला. पाश्चात्त्य गिटारवादकांत तो निर्वातनलिकांचा ध्वनिवर्धक आणि त्याची अंकीय प्रतिकृती यांतील निवडीच्या रूपाने आला. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीतात तोच प्रश्न तंबोरा व विद्युत्-तंबोरा यांच्या रूपाने आला. या दुसऱ्या प्रश्नाचा बंगळूर शहराशी निकटचा संबंध आहे, आणि तंबोऱ्याच्या घडणीमुळे महाराष्ट्रातील मिरज शहराशीही आहे.

प्रथम पाश्चात्त्य उदाहरण पाहणे सोयीचे ठरेल. निर्वातनलिकेला तिच्या शक्तीपलीकडचा संकेत मिळाला, की ती तो एकदम छाटून टाकीत नाही, क्रमाक्रमाने दाबते. या दाबण्यातून मूळ स्वराला नवे उपस्वर मिळतात. वस्तुतः हा यंत्राचा दोष होय. परंतु वादकांनी त्यालाच गुण मानले, आणि गिटारचा आवाज म्हणजे गिटार व ध्वनिवर्धक यांचा संयुक्त आवाज असे समीकरण रूढ झाले. १९९० नंतरच्या दशकात या वर्तनाचे गणिती प्रतिरूप तयार करणारी अंकीय यंत्रे बाजारात आली. ती हलकी, स्वस्त व बिनचूक होती. बंगळूरला या दोन्ही युगांचा परिचय आहे. येथे १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने १९६१ मध्ये रेडिओच्या निर्वातनलिका व १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक घटक बनविण्यास आरंभ केला. म्हणजे जुन्या तंत्राचे उत्पादन सुरू होते न होते तोच त्याची जागा घेणारे तंत्रही त्याच शहरात तयार होऊ लागले.

याच औद्योगिक वातावरणात विद्युत्-तंबोरा जन्मास आला. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अभियंता म्हणून काम केलेले व स्वतः कर्नाटक पद्धतीची बासरी वाजविणारे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो सिद्ध केला, आणि त्यांच्या ‘रॅडेल’ या बंगळूरच्या उद्योगाने त्याचा देशभर प्रसार केला. निर्माता अभियंता होता तसा वादकही होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्याला रोज स्वरात वाजवावे लागते त्यालाच सोबतीच्या तंबोऱ्याची अडचण पुरेपूर ठाऊक असते.

या यंत्राने नेमके कशाचे अनुकरण केले, हे समजण्यासाठी मूळ वाद्याची घडण पाहावयास हवी. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्याचा व्यवसाय सुरू केला, आणि त्यांच्या वंशजांनी तो पुढे चालविला. पंढरपूरच्या परिसरातून येणारा कडू भोपळा, तुनाच्या लाकडाची दांडी व तबली, घोडी, खुंट्या आणि मणके एवढीच सामग्री. परंतु वाद्याचा प्राण घोडीवरील जवारीत असतो. घोडीचा पृष्ठभाग सपाट नसून त्याला अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार कंप पावताना या उताराला पुनःपुन्हा घासते. तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुताचा दोरा योग्य जागी आला, की आवाज एकाएकी खुलतो.

या खुलण्याचे शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांचा निःस्पंद येतो असे उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकीतील नियम होता. तंबोऱ्यात तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले, आणि त्याचे कारण घोडीच्या वक्रतेत शोधले. १९३३ मध्ये रामन भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आले. तंबोऱ्याच्या नादाचे विश्लेषण करणारा शास्त्रज्ञ व त्या नादाची प्रतिकृती घडविणारा अभियंता या दोघांचीही कर्मभूमी अशा रीतीने एकच शहर ठरले.

विद्युत्-तंबोऱ्याच्या विकासात दोन अवस्था दिसतात. पहिल्या अवस्थेत विद्युत्-मंडलांनी निर्माण केलेल्या कंपनांना तंबोऱ्यासारखे रूप दिले जाई. दुसऱ्या अवस्थेत खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी मुद्रित करून स्मृतिघटकात साठविण्यात आला, आणि पुढे मोबाईल दूरध्वनीतही तो सहज मिळू लागला. दुसरी पद्धत मुळाच्या अधिक जवळ जाते; तथापि तिच्याही मर्यादा आहेत. मुद्रित ध्वनी केवळ गती बदलून काळी एकवरून पांढरी पाचपर्यंत नेला, तर स्वराबरोबर भोपळ्याचा अनुनादही सरकतो. जणू वाद्याचा आकारच लहानमोठा होतो. शिवाय तोच आघात तंतोतंत पुनरावृत्त होतो. मूळ वाद्यात मात्र कोणतेही दोन आघात एकसारखे नसतात, आणि चारही तारा एकमेकींना कंपित करीत असतात.

याहून महत्त्वाचा भेद शिक्षणाचा आहे. खर्जाच्या तारेतून तिसरा उपस्वर पंचमाचा व पाचवा उपस्वर गंधाराचा निघतो. तंबोरा उत्तम जुळला म्हणजे कोणत्याही तारेवर न बांधलेला गंधार आपोआप ऐकू येतो. हा गंधार पियानोच्या समविभाजित गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, आणि गायकाचा कान त्यावरच घडतो. तंबोरा जुळविणारा विद्यार्थी रोज हा गंधार शोधतो. यंत्र लावणाऱ्याला तो तयार मिळतो. ऐकू येणारी वस्तू एकच असली, तरी शोधण्याचा अभ्यास एकाच्या वाट्याला येतो, दुसऱ्याच्या येत नाही.

यावरून यंत्र त्याज्य ठरते काय? संगीताच्या इतिहासातील एक दाखला येथे बोधप्रद आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली. तिचे स्थिर स्वर भारतीय गायनास मारक आहेत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. तरीही मैफलींत, कीर्तनांत व संगीत नाटकांत हार्मोनियम वाजतच राहिली, आणि १९७१ पासून बंदी शिथिल करावी लागली. गरजेतून आलेले साधन केवळ आज्ञेने हटत नाही. विद्युत्-तंबोराही गरजेतूनच आला. आगगाडीच्या गर्दीत चार-पाच फुटी नाजूक वाद्य नेणे, दमट हवेत उतरणाऱ्या तारा, शहरातील लहान खोली आणि साथीला बसणाऱ्या माणसाचा अभाव या सर्व अडचणींवर त्याने तोड काढली. एकट्याने रियाज करणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांना, विशेषतः गुरुगृहापासून दूर असलेल्यांना, त्याने अखंड षड्ज दिला. हे ऋण नाकारता येणार नाही.

परंतु तंबोरा हे केवळ ध्वनीचे साधन नाही. ती एक जागाही आहे. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य मैफल आतून ऐकतो, आलापाची वाढ पाहतो आणि गुरूच्या खुणेसरशी एखादा स्वर भरतो. यंत्र मंचावर आले की षड्ज टिकतो, मात्र ती जागा रिकामी होते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना याला समांतर उदाहरण वारकरी परंपरेत सापडेल. नामसप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्यामागून पहारा विणेकरी बदलतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. वीणेचा सूर यंत्राने काढता येईल, पण पहारा यंत्राला देता येणार नाही. अभंगांची छापील गाथा घरोघर पोचल्याने कीर्तन जसे अनावश्यक झाले नाही, तसेच हे आहे. दोहोंचे कार्य भिन्न आहे.

तेव्हा निवड करावयाची ती नादाच्या तुलनेवर नव्हे, तर प्रयोजनावर. प्रवास, एकट्याचा रियाज व नृत्यवर्ग यांसाठी यंत्र पुरेसे आहे. ज्या विद्यार्थ्याला कान घडवावयाचा आहे, त्याने निदान आरंभीची काही वर्षे दिवसातून एकदा तरी तारा स्वतः जुळवाव्यात. मैफलीत शक्य तेथे शिष्याची जागा राखावी. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव सुरक्षित झाले; कारागिराची जवारी मात्र ती ऐकून पारखणारे कान असतील तोवरच टिकेल. तसे कान घडविण्याचे कार्य मानांकनाच्या किंवा यंत्राच्या हाती नाही. ते संगीतशिक्षकाच्या हाती आहे.