काळ्या मातीतली पाऊसबाग आणि वाळा

संपादकांचा प्रश्न सरळ होता. शहरांत हल्ली ‘रेन गार्डन’ करतात. तशी पावसाच्या पाण्यावरची बाग वडनेर भोलजीसारख्या गावात करायची, तर तिच्यात लावायचं काय? बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा आणि मलकापूरच्या मधलं हे महामार्गावरचं गाव. पाऊस वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. झाडांची यादी करायची म्हणजे रोपवाटिकेत जायचं, असं कुणालाही वाटेल. मला मात्र आधी नाल्याच्या काठी जावं लागलं, कारण या भागात झाडांची निवड माती करते.

मूळ कल्पना अमेरिकेतली. मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत 1990 च्या सुमारास नवी वसाहत उभी राहत होती. पावसाच्या पाण्यासाठी एकच मोठं तळं खोदण्याऐवजी घराघरापुढे उथळ खोलगट वाफे करायचे ठरले. छताचं आणि रस्त्याचं पाणी तिथे यायचं, एक-दोन दिवसांत मुरायचं आणि वाफ्यातली झाडं त्यावर जगायची. प्रयोग यशस्वी झाला आणि जगभर गेला. त्यासोबत तिकडच्या झाडांच्या याद्याही गेल्या.

त्या याद्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीत टिकत नाहीत. हजार चौरस फुटांच्या छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 2,300 लिटर पाणी खाली येतं. शंभर चौरस फुटांचा, 15 सेंटीमीटर खोल वाफा त्यातलं जेमतेम 1,400 लिटर धरतो. तेही मुरणार कधी? हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट संस्थेतल्या मोजमापांनी काळ्या मातीचा स्वभाव नेमका पकडला आहे. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिल्या अर्ध्या तासात पाणी तासाला 75 मिलिमीटरच्या वेगानं आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वेग तासाला अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतो. अर्धा मिलिमीटर धरला, तरी तो वाफा रिकामा व्हायला बारा दिवस लागतील. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून इथे आधी हात-दीड हात माती काढून तिच्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी लागते. तळाशी खडी आणि छिद्रांचा पाइप घालून त्याचं तोंड नालीला सोडावं लागतं. एवढं करूनही झाडांची परीक्षा कठीणच राहते. दोन दिवस पाण्यात उभं राहायचं, नंतर आठ महिने कोरड, मे महिन्यात 45 अंशांचा पारा आणि मुळं तोडणाऱ्या भेगा. गवती चहा तळाशी सडतो. कर्दळ पाण्यात खुशाल वाढते, पण उन्हाळ्यात पाणी मागते. दोन्ही सोसणारी झाडं नाल्याच्या काठी आपणहून उगवलेली दिसतात. काठावर निर्गुडी, उतारावर मारवेल आणि हरळी. जागा मोठी असेल तर बाजूला करंज किंवा बाभूळ. बाभूळ पाण्यातही उभी राहते आणि दुष्काळातही, तरी बागेत तिला कुणी मान देत नाही याचं मला वाईट वाटतं. नाल्यात तितक्याच जोमानं वाढणारी बेशरम मात्र कटाक्षानं टाळावी. ती विषारी आहे आणि एकदा शिरली की निघत नाही.

तळासाठी माझी निवड वाळा. वऱ्हाडात वाळा माहीत नाही असं घर नसेल. त्याच्या ताट्या उन्हाळ्यात खिडकीला लागतात, मुळांची जुडी माठात पडते. पण हे गवत जमिनीत काय काम करतं, ते पाहण्यासारखं आहे. एक जुनं ठोंब उपटताना मी पाहिलं. दोन माणसं कुदळीनं चारी बाजूंनी माती सोडवत होती, तरी ठोंब हलत नव्हतं. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. शेवटी ती तोडावीच लागली. मग ठोंब फोडून दोन-तीन काड्यांचे फुटवे वेगळे केले, पानं वीतभर ठेवून छाटली, मुळं आखूड केली आणि शेणकाल्यात बुडवली. पाऊस लागला की हे फुटवे दहा-पंधरा सेंटीमीटरवर ओळीत लावायचे. दोन-तीन वर्षांत ओळीतल्या फटी मिटतात. मग गढूळ पाणी तिच्याशी थांबतं, गाळ मागे टाकतं आणि निथळून पुढे जातं. गाळ चढला तर वाळाही त्यातून वर येतो. मुळं फुगणाऱ्या मातीत खोलवर वाट करत राहतात, आणि मुरुमाचा थर गाळानं बुजू लागला की त्याच वाटा कामाला येतात.

हे ज्ञान विदर्भाला नवं नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं 1984 साली कोरडवाहू भागासाठी पाणलोट प्रकल्प सुरू झाला. त्यातलं महाराष्ट्रातलं पाणलोट म्हणजे तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातलं मानोली. बांधांऐवजी समपातळीवर वाळ्याच्या ओळी लावण्याचा आग्रह बँकेचे जॉन ग्रीनफिल्ड धरत होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या भारड आणि बठकल यांनी वाळ्याच्या मृद्‌संधारणातल्या भूमिकेवर लिहिलं. कर्नाटकात गुंडलुपेटचे शेतकरी तर कितीतरी आधीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले होते.

एवढं असूनही वाळ्याच्या ओळी आपल्या गावोगाव दिसत नाहीत. पहिली अडचण त्याच्या किमतीची. मुळांना बाजार आहे आणि मुळं काढायची तर ठोंब उपटावंच लागतं. ओळीतलं एक ठोंब गेलं की तिथून पाणी फुटतं. दुसरी अडचण आपल्या मोजदादीची. 2019 च्या पावसाळ्यात राज्यानं 33 कोटी वृक्ष लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. अशा हिशेबात खड्डा आणि रोप मोजलं जातं, गवताची ओळ कुठल्या रकान्यात लिहायची? मोजणीत नसलेल्या कामाला मजुरी मिळवणं कठीण जातं. त्यात नालीचं साबणाचं पाणी आणि कॅरीबॅगा पावसाच्या पाण्याबरोबर वाफ्यात येतात. दर पावसाळ्याआधी तोंडाशी साचलेला गाळ कुणीतरी उपसला नाही, तर तिसऱ्या वर्षी ती बाग डबकं होते. जून वाळा बकऱ्या सोडून देतात, पण पहिल्या वर्षीचे कोवळे फुटवे त्यांना आवडतात.

सगळ्यात मोठा अडसर पहिल्या उन्हाळ्याचा. मुळं अजून उथळ असतात, माती तडकते, तेव्हा फुटव्यांना पाणी हवं. इथून उत्तरेला पूर्णेच्या अंगाला खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला हा सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा प्रदेश. त्यातल्या बोअरचं खारं पाणी वाळा एक वेळ सोसेल, पण त्यातल्या सोडियमनं मातीचे कण सुटतात, पृष्ठभाग घट्ट बसतो आणि पावसाचं पाणी मुरेनासं होतं. म्हणजे ज्या कामासाठी बाग केली, तेच बंद. गोडं पाणी द्यावं, तर मे महिन्यात ते प्यायलाच पुरत नाही. म्हणून मला वाटतं, अशी पहिली बाग शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात व्हावी. तिथे छताचं पाणी टाकीत साठवता येतं, आणि शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला आठवड्याला दोन-तीनशे लिटर गोडं पाणी मे अखेरपर्यंत देता येईल की नाही, हे फुटवे आणण्याआधीच मोजून पाहता येतं.