स्पॅनिश भाषेतील अपूर्णभूत संभावनार्थ

स्पॅनिश क्रियापदाचा एक रूपसंच. घडलेली गोष्ट विधानरूपाने सांगताना स्पॅनिशमध्ये स्वार्थ वापरतात; इच्छा, आज्ञा, शंका, भावना वा कल्पना यांच्या अधीन असलेली क्रिया संभावनार्थाने व्यक्त होते. त्याच्या साध्या रूपांपैकी वर्तमान व अपूर्णभूत हीच आज व्यवहारात आहेत.

रूपसिद्धी : साध्या भूतकाळाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनी रूपातील अंत्य ‘रोन’ काढून रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय लावतात. ‘आब्लारोन’ (ते बोलले), ‘कोमिएरोन’ (त्यांनी खाल्ले) व ‘बिबिएरोन’ (ते राहिले) यांपासून अनुक्रमे आब्लारा, कोमिएरा व बिबिएरा ही रूपे होतात. ‘आब्लारा’मधील आघात ‘ब्ला’वर असतो, तो अंत्य अक्षरावर गेल्यास ‘बोलेल’ असा भविष्यकाळी अर्थ होतो. ‘रा’ऐवजी ‘से’ लावून ‘आब्लासे’ अशीही रूपे होतात. पहिली लॅटिनमधील पूर्णभूत स्वार्थापासून, तर दुसरी पूर्णभूत संभावनार्थापासून आली आहेत. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. तथापि बोलण्यात ‘रा’ रूपे अधिक आढळतात.

उपयोग : मराठीत ‘पेद्रोने बोलावे अशी माझी इच्छा आहे’ व ‘… इच्छा होती’ या दोन्ही वाक्यांत ‘बोलावे’ हे विध्यर्थी रूप बदलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र मुख्य क्रियापदाचा काळ गौण वाक्यावर परिणाम करतो : ‘किएरो के पेद्रो आब्ले’, पण ‘केरीआ के पेद्रो आब्लारा’.

मराठीतील संकेतार्थाचे कार्यही हीच रूपे करतात. ‘सि बिबिएरा आकी, आब्लारीआ एस्पान्योल’ म्हणजे ‘तो येथे राहत असता, तर स्पॅनिश बोलला असता’. तो येथे राहत नाही, हे यात गृहीत आहे. ‘सि बिबे आकी’ (तो येथे राहत असेल तर) या स्वार्थी रचनेत ती शक्यता खुली राहते. ‘कोमो सि’ (जणू काही) यानंतरही हाच रूपसंच येतो.

सारांश, नावात भूतकाळ असला, तरी संकेतवाक्यात ही रूपे वर्तमान वा भविष्यातील असंभाव्यता दर्शवितात. भूतकाळी न घडलेल्या गोष्टीसाठी ‘उबिएरा आब्लादो’ अशी संयुक्त रचना करावी लागते. मराठीतील ‘बोलला असता’ ही रचना दोन्ही अर्थांनी येऊ शकत असल्याने भाषांतरकाराला हा भेद संदर्भावरून ठरवावा लागतो.