गहाण घराचा लिलाव व खरेदी

कर्जाच्या तारणादाखल गहाण असलेले घर कर्जफेड न झाल्यामुळे धनको जाहीर लिलावाने विकतो व सर्वांत अधिक बोली करणारी व्यक्ती ते विकत घेते, असा हा व्यवहार होय. नफ्यासाठी घर घेणाऱ्यास विलंब परवडू शकतो. परंतु स्वतः राहण्यासाठी घेणाऱ्यास मालकीबरोबरच प्रत्यक्ष निवाराही ठरावीक काळात हवा असतो. या व्यवहारात एका कुटुंबाचा घरावरील हक्क संपतो व दुसऱ्याचा सुरू होतो. हे संक्रमण नेमके केव्हा घडते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न असून भारतीय विधीने त्याचे उत्तर वेळोवेळी बदलले आहे.

पार्श्वभूमी : भारतातील गहाणविषयक मूळ तरतुदी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहेत. त्याच्या साठाव्या कलमान्वये, देय रक्कम चुकती करून गहाण सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोस मिळतो. हा हक्क कायमचा बंद करणारा हुकूमनामा सशर्त विक्रीच्या गहाणासारख्या थोड्या प्रकारांतच मिळू शकतो. साध्या गहाणात धनकोस न्यायालयाकडे विक्रीचीच मागणी करावी लागते. घर वा जमीन जाण्यापूर्वी न्यायालयाने मध्ये उभे राहावे, या विचारास महाराष्ट्रात जुना आधार आहे. १८७५ मध्ये पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खनमधील शेतकऱ्यांविषयीच्या अधिनियमाने कर्जरोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

तथापि दिवाणी दाव्यांस वर्षानुवर्षे लागत. बँकांच्या थकीत कर्जांसाठी १९९३ च्या अधिनियमाने ऋण वसुली न्यायाधिकरणे स्थापन झाली. पुढे नरसिंहम समितीच्या १९९८ च्या अहवालातील शिफारशींना अनुसरून २००२ मध्ये ‘सरफेसी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अधिनियम संमत झाला. त्यान्वये न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याचा व विकण्याचा अधिकार बँकांना मिळाला. मार्डिया केमिकल्स खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. मात्र दाद मागण्यापूर्वी ऋणकोने ७५ टक्के रक्कम भरावी, ही अट रद्द केली. सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचा निर्णय घटनापीठाने २०२० मध्ये दिला. शेतजमीन, तसेच मुद्दल व व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी येणे उरलेली कर्जे यांस तो लागू होत नाही.

लिलावापूर्वीची कार्यवाही : सामान्यतः हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज अनर्जक समजले जाते. त्यानंतर बँक ऋणकोस ६० दिवसांची मागणी-सूचना देते. ऋणकोने हरकत घेतल्यास तिचे उत्तर १५ दिवसांत देणे बँकेवर बंधनकारक आहे. या मुदतीत रक्कम न आल्यास बँकेचा प्राधिकृत अधिकारी घराचा ताबा घेतो. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून मूल्य ठरवून घेतात व त्यावरून राखीव किंमत निश्चित करतात. लिलावाची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, छापावी लागते. पहिल्या लिलावास ३० दिवसांची सूचना आवश्यक असून तो निष्फळ ठरल्यास पुढील लिलावास १५ दिवसांची सूचना पुरते.

बोली व भरणा : बोली करणाऱ्यास प्रथम इसारा भरावा लागतो, तो बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असतो. ज्याची बोली स्वीकारली जाते, त्याने इसारा धरून किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा उशिरात उशिरा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावयाची असते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यावी लागते. लेखी संमतीने ही मुदत अधिकाधिक तीन महिन्यांपर्यंत वाढविता येते. उदाहरणार्थ, ४० लाख रु. राखीव किमतीचे घर ४४ लाखांस घेतल्यास ४ लाखांच्या इसाऱ्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत ७ लाख व नंतर ३३ लाख रु. भरावे लागतील. उरलेली रक्कम वेळेवर न भरल्यास आधी भरलेले ११ लाख जप्त होतात. अशी जप्ती योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून गृहकर्जावर विसंबणाऱ्याने कर्जमंजुरी बोलीपूर्वीच मिळविणे आवश्यक ठरते.

गहाण सोडविण्याच्या हक्काची सीमा : २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी विक्रीचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत ऋणको पैसे भरून घर सोडवू शकत असे. त्यामुळे बोली जिंकलेल्या खरेदीदाराचे घर शेवटच्या क्षणी हातचे जाण्याचा संभव होता. दुरुस्तीने हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच मर्यादित केला व २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ ग्राह्य धरला. खरेदीदारास यामुळे स्थैर्य लाभले. परंतु ऋणकोस मिळणारा अखेरचा अवधी तेवढाच आखूड झाला. कार्यवाहीत गंभीर दोष वा लबाडी आढळल्यास न्यायाधिकरण विक्री रद्द करू शकते, हे संरक्षण मात्र कायम आहे.

ताबा : ताबा प्रतीकात्मक व प्रत्यक्ष असा दोन प्रकारचा असतो. पहिल्यात दारावर सूचना लावली जाते व पूर्वीचे कुटुंब आत राहतेच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक मुख्य महानगर दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकारी यांचे साहाय्य घेते. जिल्हादंडाधिकाऱ्याने ३० दिवसांत, व कारणे नोंदवून एकंदर ६० दिवसांत, आदेश द्यावा अशी तरतूद असली, तरी अंमलबजावणीस अधिक काळ लागू शकतो. गहाणापूर्वीपासून भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू या मार्गाने काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणांत ठरविले. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने जाहिरातीतील ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ प्रथम पाहावा तो यासाठीच. प्रतीकात्मक ताब्याच्या काळात त्यास चालू घराचे भाडे व नव्या कर्जाचे हप्ते असा दुहेरी भार सोसावा लागतो.

थकबाकी व मालकीहक्क : ‘जेथे आहे, जसे आहे’ या अटीवर विक्री होत असल्याने घरातील दोषांची जबाबदारी सहसा बँक घेत नाही. मालमत्ता कर व सहकारी गृहनिर्माण संस्थेची थकीत वर्गणी यांचा बोजा लिलावाच्या अटींद्वारे बहुधा खरेदीदारावर टाकलेला असतो. पूर्वीच्या मालकाची वीजबिलाची थकबाकी भरल्याखेरीज जोडणी न देण्याविषयीचे नियमही २०२३ मध्ये वैध ठरविण्यात आले. यास्तव दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदी, २०११ पासून कार्यरत असलेली तारणांची केंद्रीय नोंदवही, गृहनिर्माण संस्थेचे हिशेब आणि न्यायाधिकरणातील प्रलंबित अर्ज यांची तपासणी बोलीपूर्वी करावी लागते. संपूर्ण भरण्यानंतर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. घर बोजाविरहित आहे किंवा नाही, याचा उल्लेख त्यात असतो. महाराष्ट्रात या प्रमाणपत्रावर मुद्रांक शुल्क भरावे लागते व त्याच्या आधारे संस्थेकडे सभासदत्वासाठी अर्ज करता येतो.

मूल्यमापन : लिलावातील घर स्वस्त मिळते असा समज आहे. परंतु बाजारभाव व बोली यांतील अंतर हे बव्हंशी वर सांगितलेल्या जोखमींचेच मूल्य असते. ताबा, थकबाकी व दुरुस्ती यांचा खर्च मिळविल्यानंतर जे उरेल, तेवढाच खरा लाभ होय. किमतीचा संबंध पूर्वीच्या मालकाशीही आहे. विक्रीतून कर्ज व खर्च वजा जाता उरणारी रक्कम त्यास परत मिळते; उलट रक्कम अपुरी पडल्यास बाकीसाठी धनको त्याच्यामागे वसुली चालू ठेवू शकतो. त्यामुळे योग्य मूल्यनिर्धारण, पुरेशी प्रसिद्धी व ताब्याविषयीची स्पष्ट माहिती यांवर घर घेणाऱ्या कुटुंबाचे हित जसे अवलंबून असते, तसेच घर गमावणाऱ्या कुटुंबाचेही.